घराचे कागद जिथून निघाले, तिथे जाऊन पाहावेत

चि. मिहिर यास आईचे अनेक आशीर्वाद.

डोंबिवलीच्या नव्या संकुलाची आणि मुलुंडच्या जुन्या सोसायटीतील सदनिकेची तू पाठवलेली माहिती वाचली. दोहोंपैकी कोणते घर घ्यावे हे तुम्ही उभयतांनी ठरवायचे आहे, त्यात मी पडत नाही. मात्र सहकारी बँकेच्या कर्ज विभागात नोकरी झाल्यामुळे घरांच्या फायली माझ्या हातून पुष्कळ गेल्या आहेत, म्हणून एक गोष्ट आग्रहाने लिहिते. विकणाऱ्याने समोर ठेवलेला प्रत्येक कागद ज्या कार्यालयातून निघाला असेल, त्या कार्यालयाच्या नोंदीशी ताडून पाहिल्याशिवाय इसाराचा एक रुपयाही देऊ नये.

तू लिहितोस की डोंबिवलीच्या प्रकल्पाला महारेराचा, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाचा, क्रमांक आहे, मोठ्या बँकेने तो कर्जासाठी मान्य केला आहे, तेव्हा आणखी काय पाहायचे राहिले? त्याच शहरातले उदाहरण घे. कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या नावाने बनावट बांधकाम परवानग्या तयार करून, त्यांच्या आधारे महारेराची नोंदणी मिळवून 65 इमारती उभ्या राहिल्याचे उघडकीस आले आणि नोव्हेंबर 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला. तिथे घर घेणाऱ्यांपैकी अनेकांनी बँकेचे कर्ज काढले होते आणि करारही रीतसर नोंदवले होते. एका कार्यालयाने दुसऱ्याच्या कागदावर विश्वास ठेवला आणि लोकांनी दोघांवर. बँकेच्या वकिलाचा मालकीहक्काचा शोध अहवाल बँकेच्या पैशांच्या काळजीपोटी होतो, हे मी आतून पाहिलेले आहे. उद्या इमारतीवर हातोडा पडला तरी हप्ता कर्जदाराकडूनच वसूल केला जातो.

म्हणून महारेराच्या संकेतस्थळावर क्रमांक दिसला म्हणजे काम झाले, असे समजू नकोस. बांधकाम परवानगीवरील क्रमांक आणि तारीख घेऊन महापालिकेच्या नगररचना विभागात जा आणि ती परवानगी खरोखर त्यांच्या दप्तरी आहे का, ते विचार. तोंडी उत्तर मिळाले नाही तर माहिती अधिकारात अर्ज कर, त्याला 30 दिवसांत उत्तर देणे बंधनकारक असते. घर महिनाभर थांबू शकते. विक्री कार्यालयातील मंडळी ‘आजच टोकन दिले नाही तर हा भाव राहणार नाही’ असे म्हणतील, ते त्यांचे कामच आहे. परवानगी पाहताना ती कोणत्या मजल्यापर्यंत आहे, हेही वाच. प्रारंभ प्रमाणपत्र, म्हणजे बांधकाम सुरू करण्याची परवानगी, अनेकदा टप्प्याटप्प्याने मिळते, आधी जोत्यापर्यंत आणि मग वरच्या मजल्यांसाठी. तुला दाखवलेली सदनिका चौदाव्या मजल्यावर असून मंजुरी दहाव्यापर्यंतच असेल, तर तू आज एक आशा विकत घेत आहेस. वरळीच्या कॅम्पा कोला वसाहतीत मंजुरीपेक्षा जास्त मजले चढवले गेले आणि 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते नियमित करण्यास नकार दिला, तेव्हा तिथे वर्षानुवर्षे राहणाऱ्या कुटुंबांवर घर सोडण्याची वेळ आली.

महारेराचे पान निरुपयोगी आहे, असे मात्र माझे म्हणणे नाही. त्यावर प्रकल्प पूर्ण करण्याची मूळ तारीख, ती किती वेळा पुढे ढकलली, जमिनीवर कोणाचा बोजा आहे, कोणते दावे चालू आहेत आणि किती सदनिका विकल्या गेल्या, हे सर्व असते. जाहिरातीच्या पुस्तिकेआधी ते वाचावे. विकासकाने प्रकल्प गहाण ठेवून वित्तसंस्थेकडून पैसे उचलले असतील, तर तुझ्या सदनिकेपुरता त्या संस्थेचा ना हरकत दाखला मागून घे. 2016 च्या रेरा कायद्याप्रमाणे नोंदणीकृत करार केल्याखेरीज विकासकाला किमतीच्या 10 टक्क्यांपेक्षा अधिक रक्कम घेता येत नाही. कोणी 20 टक्के मागत असेल, तर रकमेपेक्षा त्या माणसाच्या सवयीची चिंता कर. क्षेत्रफळ चटई क्षेत्रातच, म्हणजे घराच्या आतल्या प्रत्यक्ष वापराच्या जागेतच, लिहिलेले असावे. जिने, लॉबी असा सामायिक भाग धरून सांगितलेला ‘सुपर बिल्टअप’चा आकडा ऐकून घ्यावा आणि सोडून द्यावा.

जमिनीचा सातबारा किंवा मिळकत पत्रिका आणि त्यावरील फेरफार नोंदी किमान 30 वर्षे मागे जाऊन तपासून घ्याव्यात, आणि त्यासाठी स्वतःचा वकील करावा, विकासकाने सुचवलेला नव्हे. वकिलाच्या फीमध्ये काटकसर करणारी आणि मोड्युलर स्वयंपाकघरावर लाखो रुपये घालणारी माणसे मी पाहिली आहेत.

आता मुलुंडचे घर. मला ते अधिक आवडले, कारण तिथे इमारत डोळ्यांसमोर उभी आहे आणि शेजारी बोलायला तयार असतात. पण जुन्या घराचे कागद नव्या घराहून अधिक गुंतागुंतीचे असतात. पहिल्या खरेदीदारापासून आजच्या मालकापर्यंतची करारांची साखळी अखंड हवी आणि प्रत्येक कराराची नोंदणी पावती व सूची क्रमांक दोन (‘इंडेक्स टू’, नोंदवलेल्या व्यवहाराचा सरकारी उतारा) जोडलेला हवा. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर आणि दुय्यम निबंधकांकडे तो तपासता येतो. मधला एखादा व्यवहार केवळ कुलमुखत्यारपत्रावर झाला असेल, तर तिथेच थांब. अशा कागदाने मालकी हस्तांतरित होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये स्पष्ट केले आहे. विकणारे गृहस्थ वडिलांच्या पश्चात नामनिर्देशनाने सभासद झाले आहेत, असे तू लिहिलेस. सोसायटीच्या दप्तरी नाव लागले म्हणजे ते एकटे मालक झाले, असे होत नाही. त्यांच्या बहिणींचा वारसाहक्क असू शकतो, तेव्हा नोंदणीकृत हक्कसोडपत्र किंवा न्यायालयाचा वारस दाखला मागण्यात संकोच करू नकोस. असा प्रश्न विचारताना आपल्याला अवघडल्यासारखे होते, हे मला माहीत आहे. तरी विचार.

सोसायटीच्या कार्यालयात बसून तीन गोष्टी पाहा. इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे राहण्यास महापालिकेची परवानगी, मिळालेले आहे का, जमिनीचे अभिहस्तांतरण (‘कन्व्हेयन्स’, मालकी नावावर करून देणे) सोसायटीच्या नावे झाले आहे का, आणि संरचनात्मक तपासणीचा अहवाल काय म्हणतो. तिसाहून अधिक वर्षे झालेल्या इमारतीला ही तपासणी कायद्याने करावी लागते, आणि ‘रंगकाम झाले आहे, आता काळजी नाही’ असे सचिव म्हणाले तरी अहवालाची प्रत घेच. अभिहस्तांतरण झालेले नसेल तर जमीन अजून मूळ विकासकाच्या किंवा जमीनमालकाच्या नावावर आहे आणि पुनर्विकासाच्या वेळी तो त्याचा हिस्सा मागायला येईल. विकासक सही देत नसला तरी सरकारी आदेशाने होणाऱ्या मानीव अभिहस्तांतरणाचा मार्ग आहे, पण त्याला वेळ लागतो. पुनर्विकासाची बोलणी चालू आहेत म्हणून भाव चढवून सांगत असतील, तर सर्वसाधारण सभेचा ठराव प्रत्यक्ष वाच. हस्तांतरण शुल्क महापालिका क्षेत्रात 25 हजारांपेक्षा अधिक घेता येत नाही. विक्रेत्याचे कर्ज असल्यास बँकेचा फेडीचा दाखला आणि मूळ कागद परत मिळेपर्यंत पूर्ण रक्कम देऊ नये.

खर्चाचे थोडक्यात. मुलुंडला मुद्रांक शुल्क 6 टक्के आहे आणि घर एकट्या केतकीच्या नावावर घेतल्यास त्यात 1 टक्का सवलत मिळते; नोंदणी शुल्क 30 हजारांच्या वर जात नाही. किंमत 50 लाख किंवा अधिक असेल तर 1 टक्का कर कापून भरण्याची जबाबदारी खरेदीदाराची असते, आणि विक्रेता परदेशात राहणारा असेल तर हा दर बदलतो, म्हणून आधी विचारून घे. बांधकाम चालू असलेल्या घरावर जीएसटी लागतो, भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या घरावर लागत नाही; डोंबिवली आणि मुलुंडच्या किमतींची तुलना करताना तुझ्या तक्त्यात हा फरक मला दिसला नाही.

दोन्ही घरांच्या करारांचे मसुदे आणि मुलुंडच्या साखळी करारांच्या छायाप्रती मला पाठव. मुलुंडच्या गृहस्थांना सांग की वारसांचा कागद आल्यावर इसार देतो. त्यावर ते काय म्हणतात, ते मला कळव. केतकीला आशीर्वाद.

तुझी,
आई