पॉवर टिलरच्या बेल्टचा क्रमांक यंत्रावरच छापावा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कोकणात मृगाचा पाऊस पडून चिखलणी सुरू झाली की पॉवर टिलर, म्हणजे मागून चालत हाकायची छोटी मशागत यंत्रे, खाचरांत उतरतात आणि त्याच दिवसांत तालुक्याच्या गावांतील सुट्या भागांच्या दुकानांसमोर तुटलेला बेल्ट हातात घेतलेले शेतकरी दिसू लागतात. बेल्ट ही काही दुर्मीळ किंवा फार महाग वस्तू नव्हे. तरीही चुकीचा बेल्ट बसल्यामुळे लावणीच्या ऐन दिवसांत टिलर बांधावर उभा राहतो, माणसे खोळंबतात आणि रोपे तरव्यातच वाढत राहतात. हा खोळंबा बव्हंशी टाळता येण्यासारखा आहे, म्हणून हे पत्र.

अडचणीचे मूळ बेल्टच्या क्रमांकात आहे. आपल्याकडील बहुतेक टिलरमध्ये इंजिनाची शक्ती व्ही-बेल्टच्या जोडीने किंवा तीन-चार बेल्टच्या संचाने पुढे क्लचकडे जाते. उन्हाळ्यात हाच टिलर जागेवर उभा करून त्याच्या पुलीवरून पाण्याचा पंप किंवा मळणी यंत्र चालवले जाते आणि त्याचा बेल्ट वेगळा असतो. बेल्ट नवा असताना त्याच्या पाठीवर 'बी-५४' अशा स्वरूपाचा क्रमांक ठळक असतो, पण चिखल, डिझेल आणि घर्षण यांमुळे तो लवकरच पुसला जातो. बेल्ट तुटतो तेव्हा क्रमांक वाचण्यासारखा राहिलेला नसतो, माहितीपुस्तिका केव्हाच गहाळ झालेली असते आणि टिलर जुना असेल तर तो विकणारे दुकानही पुष्कळदा बंद झालेले असते. मग दुकानदार जुना बेल्ट टेपने मोजतो आणि अंदाजाने नवा देतो.

हा अंदाज का चुकतो, हे समजून घेणे आवश्यक आहे. क्रमांकातील अक्षर बेल्टचा छेद सांगते: 'ए' छेदाचा बेल्ट वरून १३ मिलिमीटर रुंद व ८ मिलिमीटर जाड असतो, तर 'बी' छेदाचा १७ मिलिमीटर रुंद व ११ मिलिमीटर जाड. पुढचा आकडा बेल्टच्या आतील बाजूची लांबी इंचांत दाखवतो. टेप मात्र साहजिकच बाहेरून लावला जातो आणि 'बी' छेदात बाहेरची लांबी आतल्यापेक्षा सुमारे ६९ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ पावणेतीन इंच, जास्त भरते. त्यात वापरलेला बेल्ट ताणलेला असतो. परिणामी चोपन्नच्या जागी छप्पन्न किंवा सत्तावन्न क्रमांकाचा बेल्ट हाती पडतो, ताण देण्याची सगळी सोय संपली तरी तो ढिलाच राहतो आणि भार येताच घसरू लागतो. जुना बेल्ट अगदीच निरुपयोगी झाला असेल तर ताणाची सोय पूर्ण सैल करून दोन्ही पुल्यांच्या काठाच्या पातळीवरून न ताणणारी दोरी फिरवावी, तिच्या लांबीतून 'बी' छेदासाठी ६९ आणि 'ए' छेदासाठी सुमारे ५० मिलिमीटर वजा करावेत, म्हणजे आतील लांबी बरीच जवळ येते.

छेदाची चूक त्याहून महागात पडते. व्ही-बेल्ट शक्ती वाहतो तो आपल्या दोन तिरप्या बाजूंनी. त्या बाजू पुलीच्या खाचेत पाचरीसारख्या रुततात आणि बेल्टचा तळ खाचेच्या तळाला कधीही टेकता कामा नये. 'बी'च्या खाचेत 'ए'चा बेल्ट घातला की तो खाली जाऊन बसतो, पकड नाहीशी होते, उष्णता वाढते आणि थोड्याच वेळात जळलेल्या रबराचा वास येतो. हीच गोष्ट झिजलेल्या पुलीबाबत घडते. म्हणून बेल्ट बदलताना पुलीच्या खाचा पुसून बोटाने आणि नजरेने तपासाव्यात. खाचेच्या बाजू सपाट न राहता खोलगट झाल्या असतील किंवा तळ चकचकीत दिसत असेल, तर दोष पुलीत आहे आणि तेथे कितीही चांगला बेल्ट घातला तरी तो टिकणार नाही. योग्य बेल्ट चांगल्या खाचेत बसला की त्याची पाठ पुलीच्या काठाशी समपातळीत किंवा किंचित वर राहते.

संचातील एकच बेल्ट तुटला म्हणून तेवढाच बदलण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे आणि तिला मिस्त्रीही दुजोरा देतात, याचे मला वाईट वाटते. नवा बेल्ट जुन्यांपेक्षा आखूड असल्याने सगळा भार त्याच्यावरच येतो, जुने नुसते फिरत राहतात आणि नवाच आधी तुटतो. पूर्ण संच एकाच उत्पादकाचा आणि एकाच वेळी घेतलेला असावा. वाचलेले जुने बेल्ट अडीअडचणीसाठी बाजूला ठेवता येतात, पण नव्यांच्या जोडीला नकोत.

प्रत्यक्ष बसवणीत घाई घातक ठरते. इंजिन बंद करून, ते चुकूनही सुरू होणार नाही याची खात्री करून मगच गार्ड (बेल्टवरचे संरक्षक झाकण) काढावे आणि पुली हाताने फिरवताना बोटे बेल्ट व खाच यांच्या मध्ये येऊ देऊ नयेत. टिलरला ताणाची पुली असेल तर ती सैल करावी, नसेल तर इंजिनाच्या पायाचे बोल्ट ढिले करून इंजिन सरकवावे. मात्र पाना किंवा स्क्रू-ड्रायव्हर अडकवून बेल्ट काठावरून ओढून चढवू नये. तसे केल्याने आतले दोरे तुटतात, वरून काहीच दिसत नाही आणि काही दिवसांत बेल्ट उलटतो. इंजिन सरकवल्यावर दोन्ही पुल्या एका रेषेत आहेत का, हे काठांना ताठ दोरी लावून पाहावे. ताण तपासण्याचा सर्वमान्य ठोकताळा असा, की दोन पुल्यांमधील मोकळ्या भागाच्या मध्यावर बेताने दाबले असता बेल्ट दर मीटर अंतरामागे सुमारे १६ मिलिमीटर दबावा. अंतर ४० सेंटिमीटर असेल तर हे साधारण ६ मिलिमीटर होतात. याहून जास्त ताणल्यास बेअरिंगवर भार पडतो. नवा बेल्ट पहिल्या काही तासांच्या कामात खाचेत बसतो आणि थोडा सैलावतो, त्यामुळे पहिल्या दिवसाच्या कामानंतर ताण पुन्हा पाहणे अनिवार्य आहे. नेमकी हीच पायरी बहुतेक ठिकाणी गाळली जाते आणि दोष बेल्टच्या दर्जावर ढकलला जातो. घसरणाऱ्या बेल्टला राळ लावणे हाही उपाय नव्हे. तेल गळून बेल्ट फुगला असेल तर आधी सील बदलावे लागते.

गार्ड पुन्हा बसवण्याबद्दल तर मी आग्रहाने लिहीन. मळणी यंत्रांच्या अपघातांमुळे केंद्राला १९८३ मध्ये धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा करावा लागला. शेतात मात्र पुढच्या वेळी काम सोपे व्हावे म्हणून बेल्टवरचे गार्ड कायमचे काढून ठेवले जाते आणि मळणीच्या वेळी त्या उघड्या बेल्टशेजारी पदर खोचलेल्या बायका पेंढ्या देत उभ्या असतात. चार बोल्ट लावण्याचे कष्ट टाळण्यासाठी एखाद्याचा हात पणाला लावणे कोणत्याही हिशेबात बसत नाही.

आता मागणीविषयी. अमेरिकेत घरामागच्या बागेत चालणारे छोटे ट्रॅक्टर असतात. त्यांच्या गवत कापणाऱ्या जोडयंत्राचा बेल्ट कोणत्या पुलीवरून कसा फिरवायचा, याची आकृती अनेकदा यंत्रावरच चिकटवलेली असते. आपल्या टिलरवर एवढी साधी सोय करणे अवघड नाही. गार्डच्या आतील बाजूस बेल्टचा छेद, लांबी, संख्या आणि अपेक्षित ताण हे पत्र्यावर ठोकून उमटवलेले असावे. कागदी लेबल आपल्या पावसात एक हंगामही टिकत नाही. कृषी यांत्रिकीकरण उपअभियानातून पॉवर टिलरला अनुदान मिळते आणि त्यासाठी यंत्राची चाचणी झालेली असावी लागते. त्या चाचणीतच ही पट्टी अनिवार्य केली तर वेगळा कायदा करण्याची गरज उरत नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, तेव्हा निवडलेल्या क्षेत्रांत शेती अवजारे होती, हेही येथे नमूद केले पाहिजे.

जुन्या यंत्रांचा प्रश्न वेगळा आहे. जुलै २०२० मध्ये पॉवर टिलर व त्याचे इंजिन, ट्रान्समिशन यांसारखे प्रमुख भाग यांची आयात परवान्याच्या अधीन करण्यात आली; त्याआधी आलेली अनेक परदेशी यंत्रे आजही शेतात आहेत. त्यांचे इतर भाग मिळणे कठीण असले तरी प्रमाणित छेदाचे व्ही-बेल्ट भारतात बनतात आणि भारतीय मानक २४९४ त्यांनाच लागू आहे, म्हणजे क्रमांक ठाऊक असला की काम होते. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठात कृषी अभियांत्रिकीचे महाविद्यालय आहे. कोकणात वापरात असलेल्या टिलरच्या प्रकारांनुसार मुख्य बेल्ट आणि पंप-मळणीच्या बेल्टचे तक्ते विद्यापीठाने तयार करून कृषी सेवा केंद्रांत लावावेत, आणि दुकानदारांनी बिलावर नुसते 'बेल्ट १ नग' न लिहिता पूर्ण क्रमांक लिहावा, अशी माझी विनंती आहे. खरीपपूर्व बैठका मे महिन्यात होतात. तक्ते त्याआधी लागले तर येत्या चिखलणीलाच त्यांचा उपयोग होईल.

आपला विश्वासू,
एक शेतकरी वाचक,
ता. संगमेश्वर, जि. रत्नागिरी