उपवासात पोटाला विश्रांती कुठे?

मा. संपादक,

आपल्याकडे उपवास म्हणजे साबुदाण्याची उसळ, तळलेले पापड अन् दिवसभर चहा. यात पोटाला विश्रांती कुठे? संध्याकाळी ७ ला ज्वारीची भाकर, पातळ वरण जेवून सकाळी ७ पर्यंत फक्त पाणी घ्या. सुरुवातीला १२ तास पुरेत.

दुधाने पोट फुगत असेल तर २ आठवडे दूध, दुधाचा चहा, खवा बंद करा, मग अर्धा कप दूध पिऊन पाहा. त्रास परतला तर दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, पचत नसावी. ताक बहुतेकांना चालते, कारण विरजणातले जिवाणू ती थोडी फोडतात. गहू मात्र सिलिॲकच्या (गव्हातल्या ग्लूटेन या प्रथिनामुळे आतड्याला इजा होणाऱ्या आजाराच्या) रक्ततपासणीआधी सोडू नका. आधीच सोडला तर आजार असूनही तपासणीत तो दिसेलच असे नाही. मधुमेहाच्या गोळ्या, इन्सुलिन चालू असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपाशी राहूच नये, साखर एकदम उतरते.

— एक वाचक, जि. यवतमाळ