'फरक स्पष्ट करा' या प्रश्नाबाबत शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

माननीय शिक्षणमंत्री महोदय,
सविनय नमस्कार.

'फरक स्पष्ट करा' या प्रश्नाचे उत्तर कसे दिसणार, हे उत्तरपत्रिका तपासणाऱ्याला पान उलटण्याआधीच ठाऊक असते. मधोमध उभी रेघ, डावीकडे चार मुद्दे, उजवीकडे चार मुद्दे, आणि तेही गाईडमध्ये छापलेल्या क्रमानेच. इथे तुलना पुस्तक लिहिणाऱ्याने आधीच करून ठेवलेली असते आणि विद्यार्थी ती फक्त उतरवून काढतो. पूर्ण गुण मिळतात, पण दोन मजकूर शेजारी ठेवून ते कुठे जुळतात, कुठे फाटतात आणि का फाटतात, हे त्याला स्वतः शोधता येते का, याचा पत्ता लागत नाही. माझी विनंती याच एका बाबीपुरती आहे. वरच्या इयत्तांच्या भाषेच्या परीक्षेत एका अपठित उताऱ्याऐवजी एकाच विषयावरचे दोन माहितीपर उतारे द्यावेत आणि प्रश्न त्या दोहोंच्या नात्यावर विचारावेत.

असा प्रश्न काढता येतो, याचे उदाहरण उपलब्ध आहे. पंधरा वर्षांच्या विद्यार्थ्यांसाठीच्या 'पिसा' या आंतरराष्ट्रीय चाचणीत 2018 साली वाचन हा मुख्य विषय होता आणि त्यातला प्रशांत महासागरातील रापा नुई (ईस्टर) बेटावरचा प्रश्नसंच सर्वांसाठी खुला करण्यात आला आहे. त्यात तीन मजकूर आहेत: बेटावर काम करणाऱ्या एका प्राध्यापिकेची नोंद, एका पुस्तकाचे परीक्षण आणि एक विज्ञानवार्ता. बेटावरची मोठी झाडे नाहीशी झाली, हे सगळ्यांनाच मान्य आहे. परीक्षणातील पुस्तकाचा लेखक म्हणतो की माणसांनी शेतीसाठी आणि इतर कामांसाठी झाडे तोडली; वार्तेतले शास्त्रज्ञ म्हणतात की उंदरांनी बिया खाल्ल्यामुळे नवी झाडे उगवलीच नाहीत. परिणाम एक, कारणे दोन. हे साम्य आणि हा भेद विद्यार्थ्याला मजकुरांतूनच वेचून काढावा लागतो, कारण तो तयार स्वरूपात कुठेच दिलेला नाही.

त्या संचातला शेवटचा प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटतो. झाडे कशामुळे गेली असे तुम्हाला वाटते, असे तिथे विचारले आहे. माणसांमुळे, उंदरांमुळे, दोहोंमुळे किंवा अजून संशोधन व्हायला हवे, यांपैकी कोणतेही उत्तर पूर्ण गुणांस पात्र ठरते. अट एवढीच, की त्याला मजकुरातील नेमका आधार हवा. असे प्रश्न आले तर तपासणीत एकवाक्यता राहणार नाही, हा आक्षेप आपल्या विभागातूनच येईल, याची मला कल्पना आहे. पण इथे गुण मताला नसून आधाराला आहेत, आणि आधार उताऱ्यात आहे की नाही हे दोन परीक्षक सहज पडताळू शकतात. (नमुना उत्तराशी शब्द न् शब्द जुळवून पाहण्यापेक्षा ते काम कंटाळवाणेही कमीच.)

मात्र परीक्षा बदलली की वर्ग आपोआप बदलेल, असे मानू नये. सराव नसलेला विद्यार्थी पहिल्या उताऱ्याचा सारांश लिहितो, मग दुसऱ्याचा, आणि मध्ये 'याउलट' हा शब्द घालून तुलना झाली असे समजतो. त्याला आधी निकष ठरवायला शिकवावे लागते: दोन्ही लेखक कोणत्या प्रश्नाचे उत्तर देत आहेत, पुरावा कोणता देतात, आणि एकाने सांगितलेले दुसऱ्याने गाळले असेल तर ते काय. गाळलेली गोष्ट एकच उतारा वाचून कधीच लक्षात येत नाही. दोन उतारे समोर ठेवण्याचे हे सर्वांत मोठे कारण.

शिवाय लिहिणारा कोण, हेही पाहावे लागते. इतिहास कसा वाचला जातो याचा अभ्यास करणारे अमेरिकी संशोधक सॅम वाइनबर्ग यांनी 1991 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आठ इतिहासतज्ज्ञांना आणि आठ शालेय विद्यार्थ्यांना अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धाच्या आरंभीच्या, 1775 च्या लेक्सिंग्टनच्या चकमकीविषयीची तीच कागदपत्रे वाचायला दिली होती. तज्ज्ञ आधी कागद कोणाचा आणि केव्हाचा हे पाहत आणि एका कागदातले विधान दुसऱ्याशी ताडत. विद्यार्थी बहुधा सरळ मजकूर वाचत जात. ते विद्यार्थी अभ्यासात कच्चे नव्हते, म्हणूनच ही बाब मला गंभीर वाटते.

तेव्हा आपण पुढील क्रम ठेवावा. प्रथम सर्व विषयांच्या शिक्षकांसाठी जोडउताऱ्यांचे नमुने, गुणदानाच्या निकषांसह, खुले करावेत; त्यात एकाच प्रश्नाची परस्परविरोधी, तरीही पूर्ण गुणांची उत्तरे शेजारी शेजारी छापावीत. नंतर एक पूर्ण शैक्षणिक वर्ष हे प्रश्न केवळ वर्गात, गुणांशिवाय वापरू द्यावेत. मगच ते परीक्षेत आणावेत, आणि दरवर्षी उतारे नवे असावेत, नाहीतर वर्षभरात त्यांचेही गाईड निघेल.

आपला नम्र,
एक भाषाशिक्षक