तुझा पांगाऱ्याचा मासा

न्यूकॅसल, ऑस्ट्रेलिया
११ ऑक्टोबर

प्रिय बाब्या,

आठ महिने पत्र नाही, फोन नाही, व्हॉट्सॲपवर नुसते अंगठे. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. तब्येत ठीक, बीपीची गोळी चालू.

तुझा मासा गेला. तू पांगाऱ्याच्या लाकडात कोरलेला, गळाला लावायचा खोटा मासा. सरळच सांगतो, कारण मी फिरवून सांगायला लागलो की तू मधेच ओळखतोस.

हो, तोच. डालड्याच्या झाकणाची जीभ (तोंडापुढची ती पट्टी), टिकल्यांचे डोळे आणि शालूच्या नेलपॉलिशचा पट्टा (ती बाटली तिने दिली की तू ढापलीस, हा वाद आज नको). कर्लीच्या खाडीत आपण तो होडीमागे ओढला तेव्हा आडवा पडून पाण्यावर फरफटत आला, आणि तू म्हणालास की मी वल्हं वाकडं मारतोय. तीस वर्षं ते ऐकून घेतलं. बाब्या, वल्हं सरळ होतं. चुकली होती तुझी जीभ. म्हणजे माशाची. तुझी चुकते ते वेगळं.

हे मला लेक मॅक्वॉरीवर कळलं. नाव तळ्याचं, पण पाणी खारं. समुद्राला स्वान्सीच्या चॅनेलमधून तोंड आहे. चॅनेलमध्ये ओढ अशी की देवबागच्या संगमाची आठवण यावी, आणि आत तळ्यात भरती-ओहोटीचा फरक जेमतेम बोटभर. २००२पासून इथे धंद्याची मासेमारी बंद आहे, फक्त आमच्यासारखे हौशी. आम्ही सगळे ज्याच्या मागे असतो तो फ्लॅटहेड. डोकं कुणीतरी पाट्याखाली दाबल्यासारखं, डोळे वर, अंग वाळूत पुरलेलं. वरून मुडदुशी गेली की झडप. (हो, मुडदुशीचे भाऊबंद इथेही आहेत. तळून तीच चव. तुला जळवायला लिहिलं.) गालावर काटे असे की शिंगाळा परवडला.

आता तो वाळू सोडून वर येत नाही म्हटल्यावर खोटा मासाच त्याच्या नाकाशी न्यायचा. दीड-दोन मीटर पाण्यात, चालत्या माणसाच्या वेगाने बोट, मागे लांब दोरी. माशाची जीभ वाळूत टोचत, धुरळा उडवत गेली पाहिजे. काठीचं टोक सारखं थरथरतं. थरथर थांबली की समज, गवत अडकलं, ओढून साफ कर. अर्धा दिवस गवत काढण्यातच जातो, तुला आवडणार नाही. जीभ उभी असेल तर मासा वरवर पोहतो. लांब आणि अंगाच्या रेषेत आडवी असेल तर खाली घुसतो. तुझी उभी होती, शिवाय एका बाजूला कललेली. मग मी गेल्या महिन्यात झाकण काढून पारदर्शक प्लास्टिकची लांब जीभ बसवली आणि शेजाऱ्याच्या स्विमिंग पूलमध्ये ओढून पाहिली. तो गॅलरीतून बघत होता. काही बोलला नाही, पण हल्ली जपून हसतो.

आणि तो पोहला रे! डुलत, शेपूट हलवत, सरळ खाली. तू हवा होतास.

शनिवारी चॅनेल जिथे तळ्यात उतरतं तिथे गेलो. तिथे वाळूचा काठ एकदम खोल जातो. ओहोटी लागली होती. आधी एक चाळीस सेंटीमीटरचा मिळाला, तुझ्याच माशावर. मी नाचलो. दोरीच्या टोकाला हात लावला तर खरखरीत. ह्यांचे दात बारीक, पण कानस आहेत. तुझा आवाज कानात आला: 'आधी गाठ बघ रे मेल्या.' ऐकला, आणि म्हटलं, एक फेरी मारून मग बांधू.

त्याच फेरीत मोठी लागली. मोठी म्हणजे मादीच असणार, एवढे नर होत नाहीत. वर आली, डोकं झटकलं, तोंडाच्या कडेला लाल पट्टा दिसला. आणि दोरी हलकी.

इथे ३६ ते ७० सेंटीमीटरच्या मधलाच ठेवायचा, माणशी पाच. २०२२पासून सत्तरच्या वरची प्रत्येक मादी परत पाण्यात. म्हणजे ती मी सोडणारच होतो. पण तोंडात तुझा मासा ठेवून नव्हे! दोन तिहेरी गऱ्या आहेत त्यात. उलटे काटे पक्कडीने चेपले असते तर एव्हाना तिने झटकून टाकला असता. पण 'पहिल्यांदा आहे, सुटायला नको' म्हणून मी नाही चेपले. दोन रात्री हेच. बायको म्हणाली, एका माशासाठी? मी म्हटलं, दोन.

लाकूड हलकं, सुटला तर वर तरंगेल, म्हणून कामावरून आल्यावर वाऱ्याकडचा काठ धरून चालतो. आतापर्यंत एक चप्पल, टेनिसचे तीन चेंडू आणि कुणाचा तरी महागडा चिनी मासा सापडला. तो तुला पाठवीन, बदल्यात नव्हे.

तुझं काय? त्सुनामी आयलंडच्या पर्यटकांच्या फेऱ्या सुरू झाल्या असतील. वहिनींचं ऑपरेशन झालं का? चिंगीने शेवटी कुठे ॲडमिशन घेतली? बोटीचं कर्ज फिटलं असेल तर कळव, नसेल तरी कळव.

अजून एक. पांगाऱ्याचा एक चुलतभाऊ इथे ओढ्याकाठी माजलाय. लोक तण म्हणून तोडतात, आणि फांदी पडेल तिथे पुन्हा रुजतो. अजून थोडी लाल फुलं आहेत. तोडलेली एक फांदी मी घरी आणली, वाळवतोय. एका सुक्या तुकड्यावर हात चालवून पाहिला तर अंगठा कापला, मासा काही दिसेना. तुझ्या हातासारखं जमणार नाही, माहीत आहे. तरी सांग: वीतभर होता की कमी? आणि पोटात शिसं भरलं होतंस ते नेमकं कुठे? मधोमध की गळ्यापाशी? मी कधी उघडून बघितलंच नाही.

तुझा,
नंदू