मुक्ता, हर्णैला जायच्या आधी

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

काल तू रागानं फोन ठेवलास, तेव्हापासून तुझी आई माझ्याशी नीट बोलत नाही. रविवारी मैत्रिणींबरोबर हर्णैला खुशाल जा. दापोलीहून १५-१६ किलोमीटर, सकाळी निघालात की संध्याकाळी होस्टेलवर. बंदरावरचा मासळीचा लिलाव बघ. होड्यांतला माल बैलगाडीत घालून वाळूवर आणतात म्हणे. बोली कशी चढते, पैसे रोख की उधारीवर, हे मला सांग; माझा जन्म आडत बाजारात गेला.

फक्त समुद्रातल्या सुवर्णदुर्ग किल्ल्याची होडी. नको म्हणत नाही. पण रविवारी अमावास्या आहे. आईचं अमावास्येचं भय वेगळं, माझं वेगळं. अमावास्या-पुनवेला भरती मोठी चढते आणि ओहोटीही तेवढीच ओढून नेते. परतायची वेळ होडीवाल्याला विचारूनच ठरवा. लाइफ जॅकेट घातल्याशिवाय बसू नको. तुला पोहता येत नाही.

येणार तरी कसं? लेकरं विहिरीत उड्या टाकतात त्या वयात तू टँकरपुढं घागर घेऊन उभी असायचीस. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून पाण्याची रेल्वे लातुरात आली, पहिल्या खेपेला १० वाघिणी, ५ लाख लिटर. तुला स्टेशनवर नेलं होतं. तू एवढंच विचारलंस, ‘अण्णा, आपल्या गल्लीत कधी येईल?’ मला तिथं उत्तर सुचलं नव्हतं. तांदूळ धुतलेलं पाणी तू होस्टेलातही कुंडीला घालतेस, असं तुझी मैत्रीण सांगत होती. आजीला सांगितलं तर ती दिवसभर तेच बोलत होती.

बघ, पुन्हा उपदेश सुरू झाला. चिडू नकोस माय. कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचा किल्ला माझ्या लेकीनं बघावा, असं मलाही वाटतं. दापोलीला कृषीला तुझा नंबर लागला, तेव्हा मार्केट यार्डात दुकानोदुकानी पेढे मीच वाटले होते. तू शहाणी आहेस. तरी पाय धुवायला म्हणूनही गुडघ्यापुढं पाण्यात जाऊ नको, आणि फोटोसाठी ओल्या खडकावर तर मुळीच नाही.

दादाच्या हातून ५०० रुपये टाकलेत, होडीचं भाडं त्यातून दे. त्याच्या सोयाबीनचं फोनवर सांगेन. जॅकेट सैल असलं तर दुसरं मागून घे, लाजू नको.

तुझे अण्णा