चुकलेल्या चार रात्री

चि. निनाद,
अनेक आशीर्वाद.

गाडी सुटताना तू हात केलास, पण माझ्याकडे बघितलं नाहीस. "तुला माझी उंची सोडून काही दिसतच नाही," हे तुझं वाक्य दोन दिवस कानात आहे. आज इंजेक्शनचं काही लिहायचं नाही असं ठरवून बसले होते. पण ते इंजेक्शनचं पेन फ्रीजमध्ये ठेवलंस ना? २ ते ८ अंश, बर्फाच्या कप्प्याला चिकटून नको. एकदा गोठलं की औषध वाया गेलं.

बॅग भरताना पेनमध्ये औषध जास्त उरलेलं दिसलं. हिशेब केला, चार रात्री चुकल्या होत्या. मी ओरडले, ते चुकलं माझं. घाबरले की माझा आवाज चढतो.

उंचीचंच म्हणशील तर ऐक. नाकाच्या मुळामागे, मेंदूच्या तळाशी हाडात एक खळगा असतो. खोगिरासारखा दिसतो म्हणून त्याला तुर्की खोगीर असं नाव पडलंय. त्यात वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी बसलेली, वजन जेमतेम अर्धा ग्रॅम. वरून मेंदूचा हायपोथॅलॅमस नावाचा भाग तिला निरोप धाडतो, आणि ती थायरॉइडला, मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींना, वयात येताना लागणाऱ्या ग्रंथींना कामाला लावते. तुझं ते सगळं नीट चाललंय. कमी पडतं ते फक्त वाढीचं हार्मोन. आणि ते नुसती हाडं लांबवत नाही रे. स्नायूंचं बळ, हाडांचा टणकपणा, उपाशीपोटी रक्तातली साखर सावरणं, सगळ्यात त्याचा हात असतो. मग मला फक्त उंची दिसते असं कसं म्हणालास? बघ, लागले पुन्हा शिकवायला. रागावू नकोस.

तुझ्या तपासणीचा दिवस आठवतो. ९ वर्षांचा होतास. त्या गोळीने तुला गुंगी आली होती, हातात सुई तशीच, आणि दर अर्ध्या तासाने रक्त काढत होते. प्रत्येक वेळी डोळे न उघडता मोकळ्या हाताने तू माझं बोट चाचपायचास. रडला नाहीस. नंतर डाव्या हाताचा एक्स-रे काढला, तेव्हा कळलं की हाडं ६ वर्षांच्या मुलाची आहेत. घरी येऊन मी ती फिल्म खिडकीशी धरून किती वेळ बघत बसले होते. बोटांच्या हाडांच्या टोकांशी बारीक काळ्या फटी दिसत होत्या. तिथे कूर्चा असते आणि उंची तिथेच वाढते. वय सरेल तशा त्या बुजतात, मग औषध कितीही टोचलं तरी उंची वाढत नाही. तुला आता तेरावं लागलंय. म्हणून मी एकेक रात्र मोजते, तुला छळायला नाही.

दाराच्या चौकटीवर बाबांच्या हातची शेवटची खूण आहे. त्याआधीच्या वर्षात तू ४ सेंटिमीटर वाढला होतास. औषध सुरू झाल्यावर पहिल्याच वर्षी ९. ती खूण तुझी तूच केलीस, ताईच्या पट्टीने. अकराव्या वर्षी पेनही स्वतःच्या हातात घेतलंस, ताईलासुद्धा हात लावू दिला नाहीस. तेव्हा मला जे वाटलं ते तुला कधी बोलून दाखवलं नाही. दाखवायला हवं होतं.

हॉस्टेलात मुलांसमोर टोचायची लाज वाटते का? त्या चार रात्री तुझा मित्र राहायला आला होता, हे मला काल रात्री सुचलं. आधी विचारायला हवं होतं. तसं असेल तर रेक्टरांशी मी बोलते, त्यांच्या खोलीत टोचत जा. पण निजायच्या आधीच टोच आणि उगाच जागू नकोस. हे हार्मोन शरीरात सर्वांत जास्त सुटतं ते रात्रीच्या पहिल्या गाढ झोपेत, म्हणून तर ही वेळ.

काल नऊ वाजता सवयीने फ्रीज उघडला. तुझा कप्पा रिकामा होता. तू पेन नेलंयस, एवढं तरी कळलं.

आज डावी मांडी असेल तर उद्या उजवी. आणि पत्र लिहि, दोन ओळींचं असलं तरी चालेल.

तुझी,
आई