कवटीवर चेहरा घडवताना

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर माझ्या इथल्या शिक्षणाचा, कवटीवरून माणसाचा चेहरा घडवण्याचा, विषय निघाला की आईचा गळा दाटून येतो, बाबा "बघ बाई तुझं तू" म्हणून गप्प होतात आणि बोलायचं ते राहूनच जातं. म्हणून लिहायला बसले. तुमचे प्रश्न दोनच आहेत: यात पोट भरेल का, आणि शिल्पकला शिकलेल्या मुलीनं मढ्यांच्या मागे का लागावं. दुसऱ्याचं उत्तर आधी देते.

एखादं प्रेत सापडतं तेव्हा कधी कधी चेहरा उरलेलाच नसतो. डीएनए मिळतो, पण तो जुळवायचा कुणाशी? घरचं कुणी पुढे आल्याशिवाय तुलनेला नमुनाच नसतो. आपल्याकडच्या प्रयोगशाळांत कवटीवर फोटो बसवून ताडून पाहतात, पण त्यालाही हा माणूस कोण असावा याचा अंदाज आधी लागतो, तेव्हा कुठे फोटो मिळतो. जिथे काहीच धागा नाही, तिथे आमचं काम सुरू होतं. चेहरा तयार करायचा, तो लोकांपुढे ठेवायचा आणि कुणीतरी "ही आमची तर नव्हे?" म्हणून पोलिसांकडे जाईल याची वाट पाहायची. हा चेहरा म्हणजे ओळखीचा पुरावा नव्हे. खात्री पुढे डीएनएनं नाहीतर दातांवरूनच होते. पण कुठल्यातरी घरात कुणीतरी वर्षानुवर्षं वाट बघत बसलेलं असतं, आई. त्यांना निदान कळावं, दिवसकार्य करता यावं, एवढ्यासाठी हे सगळं. मला यात अभद्र काही दिसत नाही.

बाबा, आता हाताचं काम सांगते. खऱ्या कवटीला आम्ही माती लावत नाही. सीटी स्कॅनवरून थ्रीडी प्रिंटरवर तिची प्रतिकृती काढतात. तिच्यावर ठरलेल्या जागी छोट्या खुंट्या लावायच्या, प्रत्येकीची उंची त्या जागच्या मांसाच्या सरासरी जाडीएवढी. कपाळावर चार-पाच मिलिमीटर, गालावर त्याहून कितीतरी जास्त. ही मापं वय, स्त्री-पुरुष, वंश यांप्रमाणे बदलतात, त्यांचे तक्ते असतात. मग एकेक स्नायू मातीचा करून बसवायचा: कानशिलाचा, चावण्याचा, ओठांभोवतीचा. कातडी सगळ्यात शेवटी. मँचेस्टरमध्ये रिचर्ड नीव्ह यांनी ही पद्धत घडवली. इथे स्कॉटलंडमध्ये, डंडीच्या विद्यापीठात, हेच काम संगणकावरही करतात, आणि त्यासाठी एक यंत्र आहे ज्याची लेखणी फिरवताना माती दाबल्यासारखा विरोध हाताला जाणवतो. २०१२ मध्ये इंग्लंडमधल्या लेस्टरच्या एका कार पार्कखाली राजा तिसऱ्या रिचर्डचा सांगाडा सापडला, तेव्हा त्याचा चेहरा त्या वेळी इथे असलेल्या प्राध्यापक कॅरोलिन विल्किन्सन यांनी केला होता.

सध्या माझ्याकडे सरावासाठी एका मध्यमवयीन बाईच्या कवटीची प्रतिकृती आहे. डाव्या दाढा तिच्या हयातीतच पडलेल्या, तिथलं हाड झिजून खाली बसलंय. म्हणजे बिचारी उजवीकडूनच चावत असणार. हे असं वाचत गेलं की माणूस हळूहळू समोर येतो. नाकाचा अंदाज हाडातल्या भोकावरून येतो, कानाचा फार कमी येतो. अंगानं जाड की बारीक, केस कसे, हे हाड सांगतच नाही, म्हणून केस मुद्दाम अस्पष्ट ठेवायचे. आणि बाबा, सगळ्यात अवघड काय असेल तर हात आवरणं. आपल्या गणपतीच्या कारखान्यात लहानपणापासून शाडूवर बोट फिरवताना चेहरा प्रसन्न करायची सवय लागलीय. इथे ओठांचा कोपरा कणभर वर गेला तरी ती बाई दुसरीच कुणीतरी होते आणि तिच्या घरच्यांना ओळखू येत नाही.

हे वेड मात्र आईकडून आलंय. वाचनालयातून आणलेल्या रहस्यकथा तू रात्री जागून संपवायचीस आणि खुनी कोण ते मला आधीच सांगायचीस. इथल्या विद्यापीठातल्या शवागाराला रहस्यकथा लिहिणाऱ्या एका लेखिकेचं नाव दिलंय. ते बांधायला वाचकांनी आणि लेखकांनी मिळून पैसे जमवले. आणि तुला आवडेल अशी एक बाई सांगते. अमेरिकेतल्या फ्रान्सिस ग्लेसनर ली. १९४० च्या दशकात पोलिसांच्या प्रशिक्षणासाठी त्यांनी खुनाच्या, संशयास्पद मृत्यूंच्या जागा बाहुलीघराएवढ्या केल्या, एका फुटाला एक इंच. बाहुल्यांचे मोजे त्या टाचण्यांवर विणायच्या. तुझं विणकाम बघून मला त्यांचीच आठवण येते. त्यातले अठरा देखावे आजही बाल्टिमोरमध्ये शिकवायला वापरतात.

आता पोटाचं. खोटं सांगत नाही, निव्वळ याच कामाच्या कायम नोकऱ्या जगभरात थोड्याच आहेत. शिकून निघालेले बरेच जण वैद्यकीय चित्रं काढतात, संग्रहालयांसाठी चेहरे करतात, अपघातात नाक-कान गेलेल्यांसाठी कृत्रिम अवयव घडवतात. कुणी कोर्टाची चित्रं काढतात. इंग्लंड-वेल्समध्ये १९२५ च्या कायद्यानं कोर्टात बसून चित्र काढायला बंदी आहे, म्हणून ते चित्रकार आत नुसतं बघतात, टिपणं घेतात आणि बाहेर येऊन आठवणीनं काढतात! मुंबईत पोलिसांना संशयितांची रेखाचित्रं काढून देणाऱ्यांत चित्रकलेचे शिक्षकही आहेत, शाळा सांभाळून करतात. मीही तसंच करेन. वैद्यकीय चित्रांवर घर चालवायचं आणि हे काम हातात ठेवायचं. परतल्यावर गांधीनगरच्या फॉरेन्सिक विद्यापीठात आणि मुंबईत कलिन्याच्या फॉरेन्सिक प्रयोगशाळेत विचारणार आहे. लगेच दार उघडेल असं नाही, पण मी विचारत राहीन.

आई, एक मागणं आहे. आत्याला आणि पेणमधल्या सगळ्यांना तू मी ॲनिमेशन शिकतेय म्हणून सांगतेस, ते आता नको. खरं सांग. स्थळं कमी येतील तर येऊ देत. ज्याला हे चालत नाही तो मला तरी कुठे चालणार आहे?

प्रबंध ऑगस्टमध्ये द्यायचाय, त्यामुळे यंदा मूर्तींच्या डोळ्यांच्या आखणीच्या दिवसांत मी कारखान्यात नसेन. बाबा, दादाला सांगून तुमची आखणी मोबाईलवर जवळून घ्या. डोळा बसवताना तुम्ही आधी भुवई धरता की नाकाचा शेंडा, ते मला नीट पाहायचंय. इथे मला शिकवणाऱ्या बाईंनाही दाखवणार आहे. रंगवलेल्या मूर्तीची नको, कच्च्या शाडूवरचीच पाठवा.

तुमची,
मनू